खेळ पडद्यावरचा, कसब मेंदूचे

दीड महिन्यापूर्वीची गोष्ट. संध्याकाळचे रुग्ण आटोपत आले होते. तेवढ्यात आमच्या ओळखीचे एक किराणा दुकानदार आपल्या मुलाला घेऊन दवाखान्यात आले. मुलगा सतरा वर्षांचा, बारावीत शिकणारा. त्याला आपण विनय म्हणू. खरे नाव वेगळे आहे. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला त्याला सारखे दुखत होते. पेन धरताना कळ येत होती.

"डॉक्टर, याच्या हाताचं औषध द्या आणि डोक्याचंही द्या," वडील म्हणाले. "रात्र-रात्र मोबाइलवर गेम खेळतो. आता म्हणतो, बारावीची परीक्षा देत नाही, गेममध्येच करिअर करणार."

खरे सांगायचे तर विनय दोन महिने आधीही माझ्याकडे येऊन गेला होता. तेव्हा मी वेदनाशामक गोळ्या लिहून दिल्या आणि "मोबाइल बंद कर" असा उपदेश केला. गोळ्यांचा गुण आठ दिवस टिकला, उपदेशाचा आठ तासही नाही. त्या वेळी मी त्याला एकही प्रश्न नीट विचारला नव्हता. रोग्याची हकीकत न ऐकता औषध देणे ही डॉक्टराची चूकच. म्हणून या वेळी विचारले, "किती तास खेळतोस?"

"सात-आठ तास."

"आणि खेळ सुधारतोय का?"

मुलगा गप्प झाला. मग खाली बघत म्हणाला, "आठ महिने झाले काका, आहे तिथंच आहे. माझ्याहून कमी खेळणारी पोरं पुढं गेली. त्यांची बोटं फास्ट आहेत, मोबाइल भारी आहे."

वडिलांना वाटत होते मुलगा वाया चालला, मुलाला वाटत होते आपली बोटे मंद आहेत. दोघांपैकी कुणाचे खरे? मला उत्तर माहीत नव्हते. मी पंधरा दिवस मागून घेतले आणि या विषयावर मिळेल ते वाचून काढले. त्यातून जे हाती लागले ते आज वाचकांपुढे ठेवतो. घरात अशी मुले असलेले पालक आता आपल्या गावातही कमी नाहीत.

हा खेळ आहे तरी काय?

विनय खेळतो तो 'बीजीएमआय' नावाचा खेळ. शंभर खेळाडू पॅराशूटने एका काल्पनिक बेटावर उतरतात. जो तो आपापल्या घरी बसून, इंटरनेटवरून एकमेकांशी जोडलेला. बेटावर पडलेली शस्त्रे गोळा करायची आणि प्रतिस्पर्ध्याला बाद करायचे. सुरक्षित जागेचे वर्तुळ हळूहळू आकसत जाते, त्यामुळे सगळ्यांना शेवटी एकाच ठिकाणी यावे लागते. जो खेळाडू किंवा जो संघ शेवटपर्यंत टिकेल तो विजयी.

अशा खेळांच्या स्पर्धांना ई-स्पोर्ट्स म्हणतात. वडीलधाऱ्या वाचकांना हे पोरखेळ वाटतील. मलाही वाटत होते. पण २०१८ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धांत ते प्रात्यक्षिक म्हणून खेळवले गेले आणि त्यात गुजरातच्या तीर्थ मेहता या तरुणाने एका पत्त्यांच्या ढंगाच्या खेळात कांस्य मिळवले. २०२३ मध्ये हांगचौ येथे झालेल्या आशियाई स्पर्धांत तर त्यांना रीतसर पदके होती. आपल्या केंद्र सरकारनेही डिसेंबर २०२२ मध्ये त्यांना क्रीडा खात्याच्या कक्षेत घेतले. तेव्हा "हा खेळच नव्हे" असे म्हणून प्रश्न सुटत नाही. खेळ आहे, मग त्यात तरबेज कोण होतो आणि कोण मध्येच अडकतो, हे बघितले पाहिजे.

आधी बोटांचा वेग तपासू

यासाठी एक घरगुती प्रयोग आहे. तीस सेंटिमीटरची फूटपट्टी घ्या. एकाने ती वरच्या टोकाला धरून उभी लटकवायची. दुसऱ्याने खालच्या टोकाशी, शून्याच्या खुणेजवळ, अंगठा आणि तर्जनी उघडी ठेवायची. पट्टीला स्पर्श करायचा नाही. पहिल्याने न सांगता पट्टी सोडायची आणि दुसऱ्याने चिमटीत पकडायची. किती सेंटिमीटरवर पकडली ते पाहावे. गुरुत्वाकर्षणाच्या हिशेबाने पट्टी २० सेंटिमीटर पडायला सेकंदाचा पाचवा भाग लागतो आणि ३० सेंटिमीटर पडायला जवळजवळ पाव सेकंद.

विनय पुन्हा आला तेव्हा आम्ही तिघांनी पाच-पाच वेळा हा प्रयोग केला. विनयची सरासरी आली १७ सेंटिमीटर, त्याच्या वडिलांची २१ आणि माझी २४. म्हणजे रात्रंदिवस खेळणारा मुलगा आणि आयुष्यभर तराजू धरलेला बाप यांच्यातला फरक सेकंदाच्या पन्नासाव्या भागाएवढा! विनय हसला. वडील मात्र खूश झाले.

असे का? डोळ्याला काही दिसल्यापासून बोट हलेपर्यंतचा प्रवास पाहू. प्रकाश डोळ्याच्या आतल्या पडद्यावर पडतो. तिथे त्याचे विद्युत संदेशात रूपांतर होते. तो संदेश मेंदूच्या मागच्या भागात जातो, तिथे 'काय दिसले' हे ठरते. मग 'काय करायचे' हे ठरते. त्यानंतर हुकूम मेंदूच्या हालचाल घडवणाऱ्या भागातून मज्जारज्जूवाटे हाताच्या स्नायूंपर्यंत पोहोचतो. हातातल्या मज्जातंतूंमधून संदेश सेकंदाला साधारण ५० ते ६० मीटर वेगाने धावतो. मानेपासून बोटापर्यंतचे अंतर मीटरभरही नाही, म्हणजे या टप्प्याला सेकंदाचा साठावा-सत्तरावा भाग पुरतो. बाकी सगळा वेळ डोळ्याच्या पडद्यात आणि मेंदूत जातो. साध्या, एकाच प्रकारच्या इशाऱ्याला माणसाचा हा एकूण काळ साधारण सेकंदाचा पाचवा ते चौथा भाग असतो. सरावाने तो थोडा घटतो, पण निम्मा होत नाही.

मोबाइलचा आणि इंटरनेटचा वाटाही मी नाकारत नाही. साधा पडदा सेकंदात ६० चित्रे दाखवतो, महागडा १२० किंवा अधिक. इंटरनेट संथ असेल तर तुमचा हुकूम उशिरा पोहोचतो. अगदी वरच्या पातळीवर, दोन्ही खेळाडू तोडीस तोड असताना, असा बारीक फरक निकाल फिरवू शकतो. पण आठ महिने एकाच पायरीवर अडकलेल्या मुलाचे कारण तिथे शोधणे म्हणजे परीक्षेत नापास झाल्यावर पेनला दोष देण्यासारखे आहे.

तरबेज खेळाडू वेगळे काय पाहतो?

याचे उत्तर मोबाइल घरोघरी पोहोचण्याच्या फार आधी बुद्धिबळाच्या पटावर सापडले होते. १९७३ मध्ये अमेरिकेतील विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. (यांपैकी सायमन यांना पुढे १९७८ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.) खऱ्या डावातला, पंचवीसेक सोंगट्या असलेला पट खेळाडूला फक्त पाच सेकंद दाखवायचा, मग झाकायचा आणि दुसऱ्या पटावर तसाच मांडायला सांगायचे. एका नजरेत नवशिक्याने चारेक सोंगट्या बरोबर मांडल्या, मध्यम खेळाडूने आठेक आणि निष्णात खेळाडूने सोळाच्या आसपास.

यावरून कुणीही म्हणेल की निष्णाताची स्मरणशक्ती दांडगी. पण मग त्यांनी सोंगट्या वाटेल तशा, अर्थहीन मांडून तोच प्रयोग केला. आता निष्णाताची मिजास उतरली! त्यालाही नवशिक्याइतक्याच, मोजक्या सोंगट्या आठवल्या. म्हणजे स्मरणशक्ती मोठी नव्हती. त्याला सोंगट्या सुट्या दिसतच नव्हत्या. ओळखीच्या रचना दिसत होत्या. आपल्याला 'क', 'म', 'ळ' असे वाचावे लागत नाही, 'कमळ' एकदम दिसते. पहिलीतल्या मुलाला मात्र अक्षर-अक्षर लावावे लागते. तसेच हे.

मैदानी खेळातही हेच आढळते. ताशी १४० किलोमीटर वेगाचा चेंडू गोलंदाजाच्या हातून सुटून फलंदाजापर्यंत यायला जेमतेम अर्धा सेकंद लागतो. त्यात पाहायचे, ठरवायचे आणि बॅट फिरवायची. इंग्लंडमधील मायकेल लँड आणि पीटर मॅक्लिओड यांनी २००० साली फलंदाजांच्या डोळ्यांच्या हालचाली टिपल्या. फलंदाज चेंडूवर सतत नजर खिळवून ठेवत नाही. चेंडू सुटताना पाहतो आणि मग त्याची नजर उडी मारून चेंडू जिथे टप्पा पडणार त्या जागी आधीच जाऊन थांबते. जितका खेळाडू चांगला, तितकी ही उडी लवकर. 'चेंडूवर नजर ठेव' असे आपण पोरांना सांगतो. कसलेला फलंदाज चेंडूच्या पुढे नजर ठेवतो.

आता संगणकावरच्या खेळाकडे येऊ. कॅनडातील सायमन फ्रेझर विद्यापीठातल्या जोसेफ थॉम्प्सन, मार्क ब्लेअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये 'स्टारक्राफ्ट २' या खेळाच्या ३,३६० खेळाडूंच्या नोंदी अभ्यासल्या. यात अगदी नवख्यांपासून पोट भरण्यासाठी खेळणाऱ्या व्यावसायिकांपर्यंत सात पातळ्यांचे लोक होते. या खेळात फौजा उभारायच्या, खाणी चालवायच्या, लढायचे आणि हे सगळे एकाच वेळी. प्रत्येक हालचालीची नोंद संगणकातच राहते. त्यांना दिसले की खेळाडूने नकाशाच्या नव्या भागाकडे पाहिल्यापासून तिथे पहिली कृती करेपर्यंत किती वेळ जातो, ही फार बोलकी गोष्ट आहे. चांगला खेळाडू पाहतो आणि करतो. मधला 'आता काय बरे करावे' हा वेळ त्याचा आटलेला असतो.

त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटली. पहिल्या पायरीवरून दुसरीवर जायला जे लागते, तेच पाचवीवरून सहावीवर जायला लागते असे नाही. प्रत्येक पायरीवर कस वेगळ्या गोष्टीचा लागतो. विनयचे दुखणे इथे होते. ज्या गोष्टीने तो वर आला होता, तीच तो आठ महिने घोटत बसला होता.

वीस डावांची वही

मी विनयला एक काम दिले. या खेळात आपला डाव मागाहून पाहण्याची सोय करता येते. म्हटले, "पुढचे वीस डाव नोंदव. प्रत्येक डावात तू कसा बाद झालास ते पुन्हा पाहा आणि एका ओळीत कारण लिही. पण प्रामाणिकपणे, हं."

दहा दिवसांनी तो वही घेऊन आला. वीसपैकी चार वेळा समोरासमोर गाठ पडली होती आणि दुसऱ्याची गोळी आधी लागली. बोटांचा दोष म्हणायचा तर एवढाच. सात वेळा तो उघड्यावर उभा होता आणि शत्रू जवळ आहे हे त्याच्या ध्यानातच आले नव्हते. पावलांचा आवाज मात्र चित्रीकरणात स्पष्ट ऐकू येत होता. पाच वेळा वर्तुळ आकसत असताना तो उशिरा निघाला. उरलेल्या चार वेळा, मागच्या डावातल्या पराभवाने चिडून, साथीदारांना सोडून एकटाच पुढे धावला.

"काका, बोटांचा प्रॉब्लेम फक्त चारदाच आहे," तो स्वतःच म्हणाला. मी काही बोललो नाही. निदान रोग्यानेच केले होते.

तासांची गणती आणि सरावाचा कस

दहा हजार तास घातले की कोणीही निष्णात होतो, असे एक सूत्र २००८ पासून माल्कम ग्लॅडवेल यांच्या पुस्तकामुळे जगभर पसरले. ज्यांच्या संशोधनावरून हे सूत्र निघाले, त्या अँडर्स एरिक्सन यांना ते मान्य नव्हते. त्यांनी १९९३ मध्ये बर्लिनच्या संगीत विद्यालयातील व्हायोलिन शिकणाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यांचे म्हणणे असे, की नुसते वाजवणे म्हणजे सराव नव्हे. आपल्याला जे जमत नाही तेवढेच वेगळे काढून, पूर्ण लक्ष देऊन, चूक दुरुस्त करत करणे म्हणजे सराव. असा सराव दमवणारा असतो. त्यामुळे तिथले उत्तम विद्यार्थीही तो दिवसाला साधारण साडेतीन-चार तासच, तुकड्यातुकड्यांत करत. आणि एक गंमत: हे उत्तम विद्यार्थी बाकीच्यांपेक्षा झोपतही जास्त होते.

मी मेडिकलच्या होस्टेलमध्ये असताना रोज रात्री कॅरम खेळत असे. पाच वर्षे खेळलो. पहिल्या वर्षी जसा होतो तसाच पाचव्या वर्षी राहिलो, कारण जे फटके जमत तेच मारत राहिलो. आमचा एक मित्र मात्र एकटाच बसून तासभर फक्त कोपऱ्यातली मागची सोंगटी काढायचा. आम्ही त्याला हसायचो आणि रोज त्याच्याकडून हरायचो.

पण सराव म्हणजे सर्वस्व, असेही समजू नये. ब्रुक मॅकनमारा आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये आधीचे पुष्कळ अभ्यास एकत्र करून हिशेब मांडला. बुद्धिबळासारख्या खेळांत माणसामाणसांतल्या कौशल्याच्या फरकापैकी सुमारे २६ टक्के फरकाचा उलगडा अशा सरावाने होत होता. बाकीचा वाटा उपजत गुण, सुरुवातीचे वय, शिकवणारा, परिस्थिती अशा गोष्टींचा. सराव हवाच, पण त्याने प्रत्येक जण विजेता होत नाही. हे मुलांना खोटी आशा न लावता सांगितले पाहिजे.

वयाचेही तसेच. स्टारक्राफ्टच्या त्याच संशोधकांना २०१४ मध्ये आढळले की पाहणे आणि करणे यांतला वेग साधारण २४ व्या वर्षापासून हळूहळू मंदावू लागतो. मात्र मोठ्या वयाचे खेळाडू सोप्या, कमी कष्टाच्या युक्त्या वापरून तो तोटा भरून काढतात. दक्षिण कोरियाचा ली सांग-ह्योक, ज्याला जग 'फेकर' म्हणून ओळखते, त्याचा जन्म १९९६ चा. 'लीग ऑफ लेजंड्स' या खेळाचे जागतिक विजेतेपद त्याच्या संघाने २०१३, २०१५ आणि २०१६ मध्ये मिळवले. आणि पुन्हा २०२३, २०२४, २०२५ मध्येही. वेग घटला तरी समज वाढत राहते, याचे हे चांगले उदाहरण.

झोप: फुकटचे टॉनिक

विनय रात्री अकराला बसायचा तो पहाटे चारपर्यंत. त्याला वाटे, जास्त जागले की जास्त शिकले. शरीरशास्त्र उलटे सांगते. मॅथ्यू वॉकर आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये माणसांना बोटांनी ठरावीक क्रमाने कळा दाबायला शिकवले. मधल्या काळात ज्यांनी रात्रीची झोप घेतली, त्यांचा वेग कोणताही जादा सराव न करता सुमारे २० टक्क्यांनी वाढला. तेवढाच वेळ जागे राहून गेला तर मात्र तशी सुधारणा दिसली नाही. दिवसा गिरवलेले मेंदू रात्री पक्के करतो. रात्र तोडली की गिरवलेले अर्धे वाया जाते.

सरावात अंतर असावे, याचाही पुरावा आहे. टॉम स्टॅफर्ड आणि मायकेल ड्यूअर यांनी २०१४ मध्ये एका साध्या ऑनलाइन खेळाच्या साडेआठ लाखांहून अधिक खेळाडूंच्या नोंदी तपासल्या. जितके डाव, तितकेच डाव. पण ज्यांनी ते एका बैठकीत न उरकता मध्ये किमान दिवसाचे अंतर ठेवले, त्यांचे पुढचे गुण सरस होते. आपले जुने शिक्षक पाढे रोज थोडे थोडे म्हणून घेत, ते उगीच नव्हे.

शिवाय जागरणाने मेंदू मंदावतो. सलग १७ तास जागे असलेल्या माणसाची कामगिरी, रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी ढासळते, असे १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातील एका प्रयोगात दिसून आले. सकाळी सातला उठलेला मुलगा मध्यरात्री त्या अवस्थेला पोहोचतो. मग पहाटे चारला काय अवस्था असेल? विनयने वहीत वेळही लिहिली होती. चिडून एकट्याने धावण्याचे चारही प्रसंग रात्री एकनंतरचे निघाले!

चिडलात की हरलात

हरल्यावर चिडून वाईट खेळत जाण्याला हे खेळाडू 'टिल्ट होणे' म्हणतात. राग आला की अॅड्रेनलिन स्रवते, नाडी वाढते, तळहाताला घाम सुटतो, नजरेचा आवाका आखडतो. पळून जायला किंवा मारामारी करायला ही तयारी ठीक. विचार करून चाल करायला ती मारक. थोडा ताण माणसाला जागरूक करतो, पण तो एका मर्यादेपलीकडे गेला की अवघड कामातली कामगिरी घसरते, हे मानसशास्त्राला १९०८ पासून ठाऊक आहे. चांगले खेळाडू चिडत नाहीत असे नाही, ते थांबतात. दोन डाव लागोपाठ चिडून हरलात तर उठावे, पाणी प्यावे, अंगणात दहा मिनिटे फिरून यावे.

आता अंगठ्याचे

विनयला मूठ मिटायला लावली, अंगठा मुठीच्या आत ठेवून. मग मूठ करंगळीच्या बाजूला हलकेच वाकवली. तो ओरडलाच. अंगठा बाहेर ओढणाऱ्या दोन स्नायूंच्या दोऱ्या मनगटाच्या कडेला एका अरुंद बोगद्यातून जातात. तीच ती हालचाल हजारो वेळा झाली की बोगद्याचे अस्तर जाड होते आणि दोरी घासू लागते. फ्रिट्झ द कर्व्हेन या स्विस शल्यविशारदाने १८९५ मध्ये या विकाराचे वर्णन केले. त्याच्याच नावाने तो ओळखला जातो. लहान बाळाला वारंवार उचलणाऱ्या आयांनाही तो होतो.

उपाय साधे आहेत. अंगठ्याला विश्रांती, आधाराची पट्टी, बर्फाचा शेक आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध. त्याने न भागल्यास त्या जागी इंजेक्शन आणि क्वचित छोटी शस्त्रक्रिया. नुसत्या वेदनाशामक गोळ्या खाऊन खेळत राहणे सर्वांत वाईट, कारण वेदना ही शरीराची सूचना असते आणि आपण तीच दाबतो. वर ज्याचे नाव आले त्या फेकरलाही २०२३ च्या जुलैत उजव्या हाताच्या दुखापतीने काही आठवडे बाहेर बसावे लागले होते. तो बसला, हात बरा केला आणि त्याच वर्षी त्याने विजेतेपद मिळवले.

डोळ्यांचेही पाहू. एरवी आपण मिनिटाला पंधरा-वीस वेळा पापणी मिटतो. पडद्याकडे टक लावून पाहताना हे प्रमाण निम्म्याहून खाली येते. डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात. म्हणून दर वीस मिनिटांनी वीस फुटांपलीकडे वीस सेकंद पाहावे. अंधारात, पांघरुणात डोके खुपसून खेळू नये. मान वाकवून बसू नये. मोबाइल डोळ्यांसमोर धरावा. जागे राहण्यासाठी मिळणारी कॅफिनयुक्त पेये मुलांना देऊ नयेत.

खेळ केव्हा रोग होतो?

जागतिक आरोग्य संघटनेने १ जानेवारी २०२२ पासून लागू केलेल्या रोगांच्या वर्गीकरणात 'गेमिंग डिसऑर्डर' या विकाराचा समावेश आहे. त्याची तीन लक्षणे. खेळण्यावर ताबा न राहणे, बाकी सगळ्या गोष्टींपेक्षा खेळाला महत्त्व येणे, आणि नुकसान होत असूनही खेळणे चालूच राहणे. हे साधारण वर्षभर टिकले आणि त्याने अभ्यास, घर, तब्येत यांची मोठी हानी झाली तरच तो रोग म्हणावा. सुट्टीत दोन तास खेळणारे मूल रोगी नव्हे. तसेच, पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ हा वेगळा, घातक प्रकार आहे. केंद्राने २०२५ मध्ये केलेल्या कायद्यात त्यांच्यावर बंदीची तरतूद आहे आणि ई-स्पोर्ट्सना त्यापासून वेगळे ठेवले आहे. पालकांनीही हा फरक ओळखावा.

विनयचे पुढे काय झाले?

मी त्याला म्हटले, "तुझी वही तूच वाच. बाद होण्याच्या वीस कारणांपैकी सोळा सुधारायला सात तास लागतात का?" तो बराच वेळ विचार करून म्हणाला, "नाही. दीड तास पुरेल, पण मागाहून बघायला अर्धा तास लागेल." ठरले ते असे: आधी तीन आठवडे अंगठ्याला पूर्ण सुट्टी, मग संध्याकाळी दीड तास खेळ, अर्धा तास वही, अकराला झोप. परीक्षेचा फॉर्म भरायचा. बारावी झाल्यावर खेळात पुढे जायचे की नाही ते वहीतली प्रगती पाहून ठरवायचे. वडिलांच्या धाकानेही नव्हे आणि मित्रांच्या नादानेही नव्हे.

वडिलांनाही एक औषध लिहून दिले: आठवड्यातून एक डाव मुलाशेजारी बसून पाहायचा, मध्ये न बोलता. त्यांनी नाक मुरडले. परवा दुकानात साबण घ्यायला गेलो तर मला म्हणाले, "डॉक्टर, तो उघड्यावर उभा राहतो हो! मलासुद्धा कळतं, भिंतीआड जायला पाहिजे."

अंगठा पुष्कळ बरा आहे. फॉर्म भरला आहे. खेळात तो किती वर गेला, हे मी अजून विचारलेले नाही. पुढच्या तपासणीला येताना वही आणायला सांगितले आहे.